एका घरात चार पाळ्या

गोवऱ्यांच्या हुडव्यातून एक ओढली की चार घरंगळतात, किश्श्यांचंही तसंच. बेलापुरात आमचं घर तिघांचं. आत्याबाई म्हणजे माझी सासू, आमचे हे आन् मी. माणसं तीन, पण पाळ्या चार! ह्यांची साखर फॅक्टरीतली, बैलांची कुळवाची, पाटाच्या पाण्याची आन् माझी दर महिन्याची.

*

फॅक्टरीत बदलीचा माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाही, असा नेम. तो ह्यांच्या अंगातच मुरला. चुलत नणंदेच्या लग्नात आमटी वाढायला उभे राहिले. पंगती उठल्या, वऱ्हाड गेलं, मांडववाले बांबू काढायला लागले, तरी हे बादली धरून उभे!

"अवो, चला की घरी!"

"बदली आल्याबिगर ड्युटी सोडता येत न्हाई!"

*

पेरणीआधी रानाला कुळवाच्या दोन-तीन पाळ्या घालतात, ढेकळं फुटायला. दुपारची शिफ्ट असली की हे सकाळी कुळव धरायचे आन् भोंगा झाला की बैल सोडून पळायचे. एकदा ह्यांना सुट्टी होती. भोंगा झाला, आन् बैल जागच्या जागी उभे! शेपट्या पिरगाळल्या, तरी हलेनात.

आत्याबाई बांधावरनं ओरडल्या, "त्यांचं बी नाव हजेरीत घाल बाबा!"

*

माझे चार दिवस म्हणजे ओसरीच्या कोपऱ्यात घोंगडीवर बसायचं. चूल नाही, पाणी भरणं नाही. आराम काय तो तेवढाच! एकदा ऐन खुरपणीत मी पंधरा दिवसांतच परत जाऊन बसले.

"आगं, पुन्यांदा?"

"अधिक महिना हाय न्हवं, आत्याबाई!"

त्यांनी तोंड फिरवलं. पण हसताना खांदे हलत होते, ते दिसलंच मला.

*

मग दुष्काळाचं साल. पाटाला हंगामात एकच पाणी सुटणार होतं. गहू ओंबीवर, ते पाणी चुकलं तर वर्षाचा दाणा गेला. पाणी बांधावर आलं तेव्हा दारं धरायला, म्हणजे वाफ्या-वाफ्यात ते वळवायला, घरचं माणूस नसलं तर पाणी पुढच्याच्या रानात. हे फॅक्टरीत. आत्याबाईंचं खोरं उचलायचं वय गेलेलं. मी घोंगडीवर, दुसरा दिवस. अशा बाईनं उभ्या पिकात पाय ठेवला तर पीक जळतं म्हणायचे.

पाटकरी दारात आला. "मावशी, दारं कोन धरतंय? न्हाईतर पानी फुडं सोडतो."

आत्याबाईंनी गव्हाकडं बघितलं, मग माझ्याकडं. भिंतीला टेकलेलं खोरं खाली पाडून पायानं माझ्याकडं सरकवलं.

"सून धरंल. कालच न्हाली ती."

रानात मी पुढं, त्या दहा पावलं मागं. "उजवं फोड! आता बुजव!" निम्मं रान भिजलं आन् वरचा बांध फुटला. मी माती लोटतेय, पाणी ती नेतंय.  आत्याबाई लुगडं खोचून धपकन चिखलात आल्या आन् खांद्याला खांदा लावून माती लोटायला लागल्या. शेवटचा वाफा भरला.

घरी आलो. मी उंबऱ्याकडं वळले.

"तितंच थांब! अजून दोन दिस हायेत."

आन् दांडीवरची आपली घोंगडी ओढून त्यांनी माझ्या घोंगडीशेजारी अंथरली.

हे आले, ते ओसरीवरच थबकले. "आई, तू गं कशी हितं? साठीची तू!"

"हिला शिवले. बगतोस काय? चूल पेटव!"