बंद करण्याआधी एक फोन

दीर हाक मारायचा म्हणून सासरची सगळी आळी त्यांना वहिनीच म्हणायची. त्यांचं काम नेमकं काय, हे मात्र घरात कोणालाच धड सांगता येत नसे. सासूबाई शेजारणींना सांगत, "ती थंड खोलीत कॉम्प्युटर सांभाळते," आणि ते तसं चूकही नव्हतं. वहिनी एका डेटा सेंटरमध्ये पाळीप्रमुख होत्या. बँका, दवाखाने, बसची तिकिटं, सगळ्यांची यंत्रं तिथल्या हॉलमध्ये रांगेनं उभी असत. ती बंद पडू द्यायची नाहीत, एवढंच काम.

तिथल्या साहेबांना आकड्यांचं भारी कौतुक. यंत्रणा वर्षातला नव्व्याण्णव पूर्णांक नऊ टक्के वेळ चालू असते, हे ते येईल त्याला सांगत. वहिनी नव्या माणसांना वेगळं समजावत. उरलेला दशांश टक्का म्हणजे वर्षाकाठी जवळपास नऊ तास, आणि ते काही आपल्याला विचारून येत नाहीत.

ते तास आले एका सोमवारी, भर दुपारी. गार पाणी फिरवणारा पंप अचानक बसला. जोडीचा पंप दुरुस्तीसाठी उघडून ठेवलेला. हॉल बघता बघता तापायला लागला. वहिनींनी साहेबांना फोन लावला, तर ते म्हणाले, जरा थांबून बघू. पण थांबायला जागाच नव्हती. यंत्रं तशीच चालू ठेवली असती तर जळाली असती, आणि मग आठवडाभर सगळ्यांचं सगळंच ठप्प. वहिनींनी दारं उघडली, मोठाले पंखे लावले, दवाखान्यांची यंत्रं तेवढी चालू ठेवली आणि बाकीची एकेक करून बंद करायला लावली. पंप जोडून सगळं पुन्हा सुरू होईपर्यंत संध्याकाळ झाली.

घरी आल्या तर दीर जेवायला बसलेला आणि तोंडाचा पट्टा सुरू. तो बस स्थानकावर तिकिटाच्या खिडकीत बसायचा. दुपारी कॉम्प्युटरचा पडदा एकदम काळा झाला, म्हणाला. कोणती जागा विकली गेली, कोणती रिकामी, काही कळेना. खिडकीपुढे ही गर्दी, आणि जो तो त्यालाच फैलावर घेणार. एक बाई लेकीच्या बाळंतपणाला निघाली होती. तिची गाडी डोळ्यांदेखत गेली, अर्ध्या जागा रिकाम्या ठेवून. "कुठल्या शहाण्यानं बटण दाबलं कोण जाणे," असं म्हणून त्यानं ताट सरकवलं.

"मीच दाबलं, भाऊजी," वहिनी म्हणाल्या.

नवऱ्यानं पाण्याचा तांब्या उगाचच इकडचा तिकडे ठेवला. वहिनींनी पंपाची सगळी हकिकत सांगितली. दिरानं ती मान खाली घालून ऐकली.

"बंद केलंत ते बरोबरच असेल," तो म्हणाला. "पण आधी सांगायचं ना, वहिनी. पाव तास जरी मिळाला असता, तरी मी जागांची यादी छापून घेतली असती. हातानं तिकिटं लिहिली असती. त्या बाईला नाही म्हणावं लागलं नसतं."

वहिनींनी यंत्रांचा विचार केला होता, साहेबांचा केला होता. खिडकीपलीकडे उभ्या असलेल्या माणसाचा मनात आलाच नव्हता.

त्या आठवड्यात त्यांनी एकेका ग्राहकाला फोन करून विचारलं, तासभर बंद राहिलं तर तुमचं काय अडतं? कोणी पैशांत सांगितलं. एका प्रयोगशाळेतली बाई म्हणाली, रिपोर्ट अडतात, आणि माणसं बाहेर बाकावर रडकुंडीला येतात. वहिनींनी हे साहेबांपुढे मांडलं आणि नियम मागितला, की शक्य असेल तिथे बंद करण्याआधी फोन करायचा. साहेब म्हणाले, "आपल्याच हातानं बोभाटा करायचा?" वहिनी म्हणाल्या, "बोभाटा होतोच साहेब, आपण नंतर ऐकतो एवढंच." साहेबांनी बरेच आढेवेढे घेतले, पण शेवटी सही केली.

काही महिन्यांनी विजेच्या एका पॅनेलमधून जळका वास यायला लागला. या वेळी आधी फोन गेले, मग यंत्रं बंद झाली. स्थानकावर दुपारभर हातानं तिकिटं लिहिली गेली. एक जागा दोघांना दिली गेली, त्यावरून थोडी बाचाबाची झाली, पण गाड्या भरून सुटल्या.

दीर घरी आला तो बोटं चोळत. एवढं तर परीक्षेतसुद्धा लिहिलं नव्हतं, म्हणाला. वहिनी हसल्या आणि हात धुवायला गेल्या. पॅनेलची काजळी अजून नखांत अडकली होती.