कल्याण ते माजिवडा: खोल पाण्याचा रेग्युलेटर निवडताना

मालवणला किंवा अंदमानला पाण्याखाली उतरण्यास निघालेल्या वाचकांसाठी हे लिहीत आहे. रेग्युलेटर म्हणजे टाकीतील हवा तोंडाशी बेताने पोहोचवणारे यंत्र. माझे शिक्षण चौथीपर्यंत झाले. तथापि या यंत्राची निवड मी विहिरीच्या तळाशी उभे राहून केलेली आहे.

पन्नासच्या दशकाच्या अखेरीस आमची रेती काढण्याची होडी कल्याणच्या खाडीत खोल डोहात बुडाली. खाली जाऊन तिला दोर बांधणे आवश्यक होते. थोरल्या भावाचा, दादाचा, दम साऱ्या खाडीत नावाजलेला. पण तेथे तोही अपुरा पडला. होडीवरच आमचे घर चालत असे. म्हणून पाण्याखाली श्वास घेण्याचे यंत्र मिळवायला आम्ही दोघे ठाण्यास निघालो.

ठाणे स्टेशनाबाहेर टांगेवाल्याने बारा आणे सांगितले; दादाने आठावर आणले. माजिवड्याच्या अलीकडून शेतांच्या बांधांवरून चालावे लागले. भाकरी आणि सुकट फडक्यातच राहिली, कारण आम्ही रेतीवाले बुडीपूर्वी जेवत नाही.

बंदरात पाणबुड्या कामगारांची श्वासयंत्रे दुरुस्त करत आलेले एक वृद्ध मिस्त्री तेथे राहत. त्यांनी दोन रेग्युलेटर मांडले: एक चकचकीत, दुसरा काळवंडलेल्या पितळेचा. मी चकचकीत उचलला.

"वर बसून सगळेच चांगले वाटतात," मिस्त्री म्हणाले. "विहिरीत उतरा, तळाचा दगड उचला, धाप लागू द्या. तेव्हा जो हवा पुरवील, तो खोल पाण्याचा. आणि वर येताना श्वास रोखू नका. टाकीतली हवा छातीत फुगते, माणूस मरतो. बुडबुडे सुटत राहिले पाहिजेत."

"मना श्वास शिकवता, मिस्त्री?" दादा हसला.

मिस्त्रींच्या विहिरीत तीन पुरुष खोल पाणी होते; टाकी पाठीवर बांधून प्रथम मी उतरलो. दगड उचलताच चकचकीत यंत्र अडून बसले. पितळेचे मात्र मागावी तितकी हवा देत राहिले. निवड झाली.

मग तेच यंत्र लावून दादा उतरला. त्याच्या कमरेचा दोर माझ्या हाती होता. तो वर निघाला आणि बुडबुडे थांबले. जन्मभराच्या सवयीने त्याने दम धरला होता! मी दोराला झटके दिले. तो थांबला, आणि बुडबुड्यांचा लोट वर आला.

"काय वाघ, शिकवू का आता?" मिस्त्रींनी विचारले. दादा हसला नाही.

घरी पोहोचताच त्याने आईला सांगितले, "धाकला उतरंल. माझी छाती माझं ऐकत नाय. त्याचा दम कच्चा हाय, तेच बरं."

तिसऱ्या दिवशी ओहोटीला मी उतरलो आणि दोर बांधून आलो. वाचकांनी यंत्र जाणत्या शिक्षकास विचारूनच घ्यावे. मिस्त्रींकडून उसने आणलेले यंत्र आम्ही परत केले, होडीही कालांतराने मोडीत निघाली. माझ्यापाशी उरले ते एवढेच: मी अजून पाण्यातच होतो, होडी वर येताच सगळे तिच्याकडे धावले, आणि दादा पाण्यात उडी टाकून माझ्याकडे आला.