खालून तिसरी पायरी

इथे आखातात, फरीज बिन ओमरानमधल्या आमच्या बिल्डिंगचा एसी मेकॅनिक सांगलीकडचा. खरा बर्फ त्यानं जन्मात पाहिलेला नाही. कॉइलवर धरतो तेवढाच, आणि तोही त्याच्या लेखी बिघाड. तरी नॉर्वेच्या एका स्नोबोर्डरचा हा स्वयंघोषित वस्ताद. शिडीवर बसून मोबाइलवर त्याच्या उड्या बघतो आणि माझा फिल्टर खाली तसाच पडून राहतो.

"वहिनी, हवेत कुणीबी गरगर फिरतंय. उतरताना पाय टिकला पायजे." मग खालून तिसऱ्या पायरीवरून स्वतः उडी मारणार, हात पसरून उभा राहणार आणि विचारणार, "धापैकी किती?" मी कधी सातच्या वर गेले नाही.

गेल्या महिन्यात त्या स्नोबोर्डरनं गुडघ्यापायी खेळ सोडला. तिशीसुद्धा गाठली नव्हती. "खलास," एवढंच म्हणून यानं गॅस भरला. मग शिडीकडे तोंड करून एकेक पायरी चाचपत उतरला. उजवा गुडघा वाकतच नव्हता. इतके दिवस उड्यांमुळे ते मला दिसलंच नव्हतं.

"दहा," मी म्हणाले.

त्यानं शिडी खांद्यावर घेतली. "हे मार्क तेवढे कंपनीला सांगू नका, वहिनी."