बाईंची उरलेली एक खुर्ची

बाईंचं पोट इंग्रजीच्या शिकवणीवर होतं. नेहमी एकत्र येणारे इंग्रजी शब्द जोडीनं शिकायचे आणि वाक्य स्वतःच्या घरावर करायचं, हा त्यांचा शिरस्ता. हळूहळू सगळे फोनवर शिकू लागले आणि बाईंच्या खोलीतली एकच खुर्ची भरू लागली. आज धडा विनाशाचा होता: टोटल कोलॅप्स, कम्प्लीट रुइन.

"बाई, आमच्या घरी सगळं बरं चाललंय," त्या खुर्चीतली मुलगी म्हणाली. "तुमच्यावर करू?"

"कर की. इथं मुबलक माल आहे."

तिनं शिकवणीच्या टोटल कोलॅप्सवर वाक्य केलं, अगदी बिनचूक. बाई हसल्या, "शाबास!"

"बाई, उद्यापासून मीपण नाही येणार."

बाईंनी घाईघाईनं पुढचा धडा उघडला. "हा सोपा आहे गं. बस ना जरा."