मोजणी माझी, पेपर भाच्याचा

“या लोकांचा हात कापाकापीत बसलेलाच असतो. शिकवावं लागत नाही.”

माझं आडनाव सांगून माझे पीएचडीचे सर पाहुण्यांना म्हणाले. मी यंत्रावर वाकून उंदराच्या मेंदूचे काप घेत होते. केसाहूनही पातळ काप, जरा श्वास जोरात पडला तरी फाटणारे. पाहुणे हसले. मीही हसले. त्या हसण्याची लाज मला सरांच्या वाक्यापेक्षा जास्त वाटते, आजही.

माझे बाबा खापरखेड्याच्या वीज केंद्रात राख वाहून नेणाऱ्या खात्यात कंत्राटी कामगार. पीएचडी म्हणजे काय, त्यांना नीट सांगता येत नाही. पेपर मात्र कळतो. दर रविवारी फोनवर एकच प्रश्न, “तुयं नाव छापून आलं काय वं?”

नाही आलं. पहिला पेपर, म्हणजे शोधनिबंध, निघाला तेव्हा त्यावर सरांच्या भाच्याचं नाव आधी, सरांचं शेवटी. काप मी घेतले, रंगवले मी, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी मोजली मी. भाचा प्रयोगशाळेत यायचा तो एसीत बसायला. माझा उल्लेख आभारात, ‘काचपट्ट्या तयार करण्यास मदत’. पुढं परदेशातले लोक त्या पेपरचा दाखला देऊ लागले. आपलं लेकरू दुसऱ्याच्या घरी वाढताना पाहावं, तशी मी रोज मोबाइलवर त्या दाखल्यांचा आकडा पाहायची. एका कॉलेजात मुलाखतीला गेले. तिथल्या बाईंनी विचारलं, “तुमच्या नावावर एकही पेपर नाही. मग इतकी वर्षं केलंत काय?”

बोलायचं कुणाकडे? सगळं सरांच्या सहीवर. दरमहा शिष्यवृत्तीच्या अर्जावर सही, होस्टेलच्या मुदतवाढीवर सही, शेवटी प्रबंधावर सही. सरांकडेच माझ्या आधी पीएचडी करणाऱ्या एका ताईनं तोंड उघडलं होतं. तिचा प्रबंध अजून सहीविना पडलाय आणि ती सावनेरला शिकवण्या घेते. “पुढच्या पेपरात तुझं नाव नक्की,” सर म्हणाले होते. मी त्या शब्दावर दोन वर्षं काढली.

मग एका दुपारी केबिनमध्ये बोलावणं आलं. भाचा खुर्चीत, मी उभी. सर म्हणाले, “दोन मिनिटांचं काम आहे.” दुसरा पेपर जर्नलकडे गेला होता. परीक्षकांनी विचारलं होतं, दोन उंदरांची मोजणी का गाळली? संगणकावर लेखकांची यादी उघडीच होती. मी वरपासून खालपर्यंत वाचली. पुन्हा वाचली. माझं नाव नव्हतं.

“मला काय माहीत, कुठले दोन,” भाचा म्हणाला.

मला माहीत होतं. एका रविवारी संस्थेतली वीज गेली, फ्रीजर तापला, त्या दोघांचे काप खराब झाले. वीज केंद्राच्या गावची मी, आणि विजेनंच दगा दिला. माझ्या वहीत सगळं तारखेनिशी लिहिलेलं होतं. यांना फक्त ते चार ओळींचं उत्तर हवं होतं.

“इंग्रजीत लिहून दे. याच्या नावानं जाईल,” सर म्हणाले.

इतकी वर्षं सरांसमोर जपून जपून शुद्ध बोलत आले होते. त्या वेळी घरचंच तोंडात आलं.

“नाही देत, सर. माह्यं नाव टाका, मंग लिहीन.”

भाच्यानं मोबाइल खाली ठेवला. सर आवाज न चढवता म्हणाले, “प्रबंधावर सही कोणाची लागते, माहीत आहे ना?”

“माहीत आहे.”

बाहेर आले. मग प्रयोगशाळेत जाऊन माझ्या मोजणीच्या चारही वह्यांच्या पानापानाचे फोटो काढले. जर्नलच्या संपादकांना पत्र लिहिलं, फोटो जोडले, पाठवलं. मग बाबांना फोन केला.

“डिग्री लांबन, बाबा. नाही बी मिळणार कदाचित.”

“काहून?”

सांगितलं.

“घाबरून राहिली काय वं?”

“हो.”

“घाबर मंग. पण लिहून नको देऊ.”

संपादकांचं उत्तर अजून आलेलं नाही. सहीही नाही. पुढच्या आठवड्यात मला संस्थेच्या समितीपुढे बोलावलंय, परस्पर पत्र पाठवलं म्हणून, शिस्तभंगाच्या नावाखाली. मला झोप येत नाही. सावनेरची ती ताई डोळ्यासमोरून जात नाही. मी वह्या घेऊन जाणार आहे. विचारतील ते सगळं सांगणार आहे, कोणत्या दिवशी कोणता मेंदू कापला तेही. आणि भाच्याच्या नावानं एक ओळसुद्धा लिहून देणार नाही. सही मिळो, न मिळो.