समोर मंजे कुठं

पंचफुलाबाई सोसायटीच्या ओट्यावर रिकामी मतपेटी पुसत होती, अन् आतल्या खोलीत पूनमसिंग नि रामलाल यांची जुंपली होती.

"माह्या तांड्यातले झाडून सारे कपबशीले मत देऊन आले," पूनमसिंग म्हणत होता. "मंग निघाले तुह्या छत्रीत कसे?"

"तं मी काय एकेकाचा हात धराले गेलतो? तुह्या कपबशीले भोक असन. गळाले सारे."

"माह्या बायकोनं मले मत नाई देल्लं मंतोस तू?"

"थे तुमच्या घरचं. मले कायले पंचाईत?"

तिसरा उमेदवार उकंडा. त्याची निशाणी शिट्टी, यादीत पहिला नंबर, अन् मतं शून्य. तो कोपऱ्यातून हळूच बोलला, "मी सोता मले मत देल्लं ना बाप्पा. थे कुठं गेलं?"



ही अठ्ठ्याण्णवची गोष्ट. मारेगावच्या अलीकडचं गाव, कापूसवाल्यांची सोसायटी, अन् गावातून एकच संचालक जायचा. पंचफुलाबाई तिथली शिपाई. नवरा गेल्यावर त्याच्या जागेवर लागली. शिक्षण चौथी, पण अक्षर असं की सेक्रेटरीबाबू आपलं लिहिलेलं तिच्याकडून वाचून घ्यायचे. मतदानाच्या दिवशी दारात उभं राहून, मत कसं द्यायचं ते लिहिलेला फळा वाचून दाखवायचं काम तिचंच. म्हणून बोट तिच्याकडेच वळलं. पंचफुलानंच दारात लोकाईले फिरवलं, असं तांड्यात बोललं जाऊ लागलं.

सेक्रेटरीबाबूंनी तिला बोलावलं. "बाई, समोरच्या इलेक्शनले असा घोळ झाला, तं तुमी घरी बसा. मले नाई सांभाळता येणार."

घरी बसायला घरी होतं काय? दोन लेकी शाळेत, अन् वावर म्हणाल तर शेळी बसली की संपलं. पाच वर्षं ती विचार करत राहिली. फळ्यावर जे होतं तेच वाचलं, काना नाही की मात्रा नाही. मग मतं गेली कशी?

इकडे रामलालनं संचालक होऊन गावातला कापूस मोजायचा काटा बंद पाडला. आधीच बोंडअळीनं निम्मं खाल्लेलं, उरलेला कापूस घेऊन लोक पांढरकवड्याला जायचे अन् तीन-तीन दिवस गाडीखाली बसून राहायचे. दोन हजार तीनची निवडणूक आली. उमेदवार तेच तिघं, निशाण्या त्याच, यादीतला क्रमही तोच. यंदा कपबशी, असं पोरंटोरंही म्हणत होती.

निवडणुकीवर साहेब आले सलील नावाचे, पुण्याकडचे. बोलणं गोड, शर्टाला इस्त्री. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "बाई, इथे पोस्ट कुठे आहे?"

"समोर हाये साहेब."

साहेब सरळ रस्ता ओलांडून गेले, जरा वेळानं परत आले. बुटाला लेंड्या.

"अहो, समोर तर बकऱ्या बांधल्यात."

"थ्या गोठ्यात काहून गेले तुमी? मी समोर मनलं. मारुतीच्या समोर."

"म्हणजे मारुतीच्या तोंडापुढे?"

"नाई ना. मारुती सोडून द्याचा, अन् समोर जाचं. त्याच्या बाजूचं घर."

साहेब हसले. "आमच्याकडे समोर म्हणजे अगदी नाकासमोर."

पंचफुलाबाईच्या हातात साहेबांनी फळ्यासाठी दिलेला कागद होता. पाच वर्षांपूर्वीचाच मजकूर: आपल्या पसंतीच्या चिन्हासमोरील चौकटीत शिक्का मारावा. तिनं तो वाचला अन् 'समोरील'वर बोट ठेवलं. कपबशी सोडून द्यायची अन् समोर जायचं. यादीत कपबशीच्या समोर, म्हणजे खालच्या रांगेत, कोण? छत्री. अन् शिट्टीच्या समोर कपबशी. छत्रीवाल्यांना समोर कुणी नव्हतंच, त्यांनी खालच्या कोऱ्या जागेत शिक्के हाणले, ते बाद झाले. उकंडाचं मत उकंडानंच पूनमसिंगाला देऊन टाकलं होतं.

मग तिला दुसरं आठवलं. आठ दिवस झाले, रामलाल घरोघर फिरून सांगत होता, "आपल्या पूनमसिंगभाऊले द्या. कपबशी इसरू नका." लोक म्हणत, माणूस सुधरला. पूनमसिंगाच्या तर डोळ्यांत पाणी आलं होतं. कपबशी सांगितली की मत छत्रीत; रामलालला हे कोडं तिच्या आधी सुटलं होतं तर.

तिनं साहेबांना सगळं सांगितलं. साहेब आधी हसले, मग म्हणाले, "फळा तुम्ही लिहा. मी खाली सही करतो. पण अर्थ बदलता कामा नये."

"अर्थच तं जाग्यावर आनाचा हाये साहेब."

तिनं लिहिलं: ज्याले मत द्याचं त्याच्याच घरात शिक्का मारा. चौकटीला घरच म्हणतात की. पण तपासायला म्हणून तिनं ते तांड्यातल्या मानीबाईला वाचून दाखवलं. मानीबाई ऐंशीची, कान एकच चालू. तिनं ऐकलं अन् काठी उचलली.

"कुठं चालल्या, याडी?" पंचफुलाबाईनं तांड्याच्या बोलीत आई म्हणून हाक मारली.

"पूनमसिंगाच्या घरात. शिक्का कोन देते?"

पंचफुलाबाईनं फळा पुसला. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसला. मानीबाई तीनदा बसली, तीनदा उठली. संध्याकाळी कुठं ती जागची हलली नाही. फळ्यावर शेवटी उरलं ते असं:

कागदावर तुमच्या मानसाचं चित्र पाहा. त्याच चित्राच्या रांगेत त्याचं रिकामं घर हाये. शिक्का त्या घरात. वरच्या घरात जाऊ नका, खालच्या घरात जाऊ नका.

मतदानाच्या सकाळी बायका पदर तोंडाला लावून तो फळा ऐकत होत्या. एकीनं विचारलं, "हे माह्या मालकाले वाचून दाखवता काय बाई?"

रामलाल आला, फळ्यापाशी थांबला. दोनदा वाचलं. मग रांगेजवळ जाऊन हलक्या आवाजात म्हणाला, "छत्री बरं का. छत्री."

"काय भाऊ," रांगेतला एकजण म्हणाला, "आठ दिवस कपबशी कपबशी करून राह्यले, अन् आता लाजता काहून?"

"आमाले समजते तुमचं मन," दुसरा म्हणाला. "काळजी करू नका, कपबशीच."

साहेबांनी रांगेत प्रचार करू नका म्हणून त्याला बाहेर काढायला सांगितलं. पंचफुलाबाईनं त्याला फाटकापर्यंत पोचवलं, अदबीनं.

पूनमसिंग एकशे ऐंशी मतांनी आला. रामलालनं त्याच्यासाठी एवढे जोडे झिजवले होते, तेही कामी आले. उकंडाला नऊ मतं पडली. त्यानं सोसायटीत शेव-चिवडा वाटला, अन् ती नऊ माणसं कोण ते महिनाभर शोधत राहिला. सेक्रेटरीबाबूंकडून घरी बसायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. दिवाळीनंतर काटा सुरू झाला.

पंचफुलाबाई पुरी नोकरी करून, आपल्या तारखेला रिटायर झाली. त्या दिवशी टेबलावर हार आणून ठेवलेला, सगळे जमलेले, अन् बाईचा पत्ता नाही. सभासदांच्या मीटिंगच्या दोन नोटिसा राहिल्या होत्या, त्या द्यायला ती निघून गेली होती. एक शाळेजवळच्या घरात दिली. दुसरी तांड्यात, तिथं माणूस वावरात गेला होता, म्हणून बांधापर्यंत चालत गेली. त्यानं कापसानं भरलेली ओटी सोडली, हात पुसले अन् वहीत सही केली. तिनं सही नीट उमटली की नाही ते पाहिलं, तारीख टाकली, वही काखोटीला मारली अन् परत निघाली.