माणूस बघून शिलाई

लालबागमधल्या एका चाळीत, तळमजल्यावर जिन्याला लागून असलेल्या खोलीत बकुळा धुरी ब्लाउज शिवते. दारावर पाटी नाही. चाळीत शिरणाऱ्याला आधी तिचं मशीन ऐकू येतं, मग ती स्वतः ऐकू येते, आणि एवढ्यावर जो चुकेल त्याला पाटीचाही उपयोग नाही.

स्वस्थ बसणं हा प्रकार बकुळाला जन्मतःच दिलेला नाही. समोर मशीन नसलं तरी तिचे पाय पायटा मारत असतात. लग्नाच्या पंगतीत ती बसली की टेबल हलायला लागतं आणि समोरच्याच्या पानातली कोशिंबीर जिलबीत जाते. दुधावर साय धरेपर्यंत थांबणं तिला जमत नाही, त्यामुळे धुऱ्यांच्या घरात तूप विकतचं येतं.

या बाईने पंचवीस वर्षं धंदा केला आणि भाव कुणालाच सांगितला नाही. भाव होता, तो तिच्या डोक्यात होता आणि बाईगणिक वेगळा होता. जी ब्लाउज घेऊन गेली की पुन्हा तोंड दाखवत नाही, तिला कमी. जी तीनदा परत येऊन ‘पाठीत जरा फुगतंय गं’ म्हणते, तिला जास्त. ती डोकं खाण्याची शिलाई. गौरीच्या हळदीकुंकवाला जिने बोलावलं नाही, तिला वीस रुपये वर, आणि ते वीस पुढच्या गौरीपर्यंत चालू. जिचा नवरा घरी बसलाय तिला निम्मे, पण ‘जुनं गिऱ्हाईक म्हणून’ असं सांगून. आणि चाळीतली बाई दुसऱ्या बाईला नवऱ्याचा पगार विचारेल, पण शिलाई किती दिलीस हे विचारणार नाही. न जाणो, आपणच जास्त दिलेली निघायची.

सगळ्यांत कमी शिलाई होती दुर्गाकाकींची. साठ रुपये. दुर्गाकाकी पहिल्या मजल्यावर एकट्या राहतात. काका गेले, मुलगा दूर बदलापूरला, आणि तो काय पाठवतो हे काकी सांगत नाहीत यावरूनच काय ते सगळ्यांना कळतं. ताठा मात्र असा, की कुणाकडून वाटीभर आमटी आली तर वाटी परत जाताना तिच्यात काहीतरी रांधलेलं असलंच पाहिजे. अशा बाईला ‘राहू द्या पैसे’ म्हणणं म्हणजे जिन्यावरून ढकलून देण्यासारखं. म्हणून बकुळाने सोपी युक्ती केली होती. सगळ्या जगाची शिलाई वाढली, काकींची फक्त वाढवली नाही. काकींना वाटतं ब्लाउजची शिलाई साठच असते, आणि त्यांना तसं वाटत राहावं, एवढी एकच गोष्ट बकुळाने सबंध आयुष्यात शांतपणे सांभाळली होती.

हे सगळं छान चाललं होतं, कारण पैसे मुके होते. घडी घातलेली नोट हातात यायची. अलीकडे बायका फोनवरून द्यायला लागल्या, तर ते बकुळाच्या मुलीच्या, प्रितीच्या खात्यात गुपचूप जमा व्हायचे. मग प्रितीचं लग्न ठरलं आणि ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

“आई, माझ्या पगाराच्या खात्यात रोज कोण कोण बायका पैसे टाकतात. उद्या कोणी विचारलं तर काय सांगू? ऑफिस सुटल्यावर मी काज-बटणं करते?”

“सांग की. त्यात लाज कसली?”

“आणि लग्नानंतर? वडाळ्याला सासरी बसून रोज तुला हिशोब सांगू? आई, धंदा तुझा आहे, खातं तुझं काढ.”

झालं. बकुळाचे पाय दुप्पट वेगाने हलायला लागले.

घरात बँकेतला जाणकार होता. निदान त्याचं स्वतःचं मत तसं होतं. तिचा नवरा रमाकांत एका बँकेच्या दारावर वॉचमन म्हणून निवृत्त झाला. देवळाबाहेर चपला सांभाळणाऱ्याला देवाचं जेवढं कळतं तेवढं त्याला बँकेतलं कळत होतं, पण चपला सांभाळणारा गप्प बसतो.

“करंट खातं काढायचं,” तो खुर्चीतून म्हणाला. “सेव्हिंगवालो इलो काय नि गेलो काय. करंटवालो इलो की मॅनेजर उभो ऱ्हवता. मी डोळ्यांनी बघितलंय.”

“मला मॅनेजर उभा करायचा नाहीये. मला पैसे ठेवायचेत.”

पहिल्या बँकेत गार हवा होती आणि टाय लावलेली मुलगी होती. तिने गोड आवाजात सांगितलं की चालू खात्यात एवढी एवढी रक्कम कायम पडून राहिली पाहिजे, नाहीतर दंड. “पडून?” बकुळा म्हणाली. “आमच्या घरात नवरा सोडला तर काहीच पडून राहत नाही.” रमाकांतने दारावरच्या वॉचमनकडे बघून ओळखीचं हसून घेतलं आणि दोघं बाहेर पडली. मग गल्लीतली पतपेढी. तिथे चहा मिळाला, खुर्ची मिळाली, सेक्रेटरी थेट मालवणातला निघाला. फक्त फोनवरून पैसे घ्यायची सोय तेवढी नव्हती. बकुळा म्हणाली, मग माझं बचत खातं आहे त्यातच घेते. त्यावर प्रितीने कपाळाला हात लावला. धंद्याचे पैसे आणि घरचे पैसे एकात नको, म्हणाली; उद्या कर्ज काढून नवं मशीन घ्यायचं तर बँक धंद्याचं खातं बघायला मागते, त्यात तुझ्या गॅसचं बिल दिसून काय उपयोग?

शेवटी चिंचपोकळीच्या बाजूला एक बँक सापडली, जिथे एकट्यादुकट्याच्या धंद्यासाठी थोडक्या रकमेवर चालू खातं मिळत होतं. त्यांना धंद्याची नोंदणी हवी होती. ती प्रितीने फोनवर फुकटात करून दिली. धंद्याचं नाव काय, या प्रश्नावर मात्र घर दोन दिवस जेवलं नाही नीट. रमाकांतला ‘धुरी गारमेंट्स’ हवं होतं. “गारमेंट्स म्हणजे काय, मी शर्ट शिवते?” शेवटी ‘बकुळा ब्लाउज’ लागलं. पासबुकावर ते छापून आलं तेव्हा बकुळा चक्क काही क्षण हलली नाही. रमाकांतने घाबरून विचारलं, “बरी आहेस ना गो?”

खात्याबरोबर बँकेचा उन्मेष नावाचा माणूस घरी आला. त्याने दाराला चौकटीचौकटीचं स्टिकर लावलं आणि मशीनवर एक पिटुकला डबा ठेवला. पैसे आले की हा बोलतो, म्हणाला. बकुळाला हे पटलं, कारण महिन्यापूर्वी एक परकी बाई फोनवर हिरवी खूण दाखवून दोन ब्लाउज घेऊन गेली होती आणि ते पैसे अजून वाटेतच होते.

“मराठीत बोलतो का?”

“मराठीत, मावशी. बाईचा आवाज आहे.”

“घरात दुसरी बाई,” रमाकांत खूश होऊन म्हणाला. आणि मग या गृहस्थाने, आयुष्यभर दुसऱ्याच्या पैशाला सलाम केल्यावर स्वतःच्या घरी आलेल्या पैशाच्या अभिमानापोटी, तो डबा उचलला, खिडकीच्या गजात गॅलरीकडे तोंड करून बसवला आणि आवाज होता तेवढा वाढवला. “कळू दे चाळीला.”

चाळीला कळलं.

त्या दुपारी वैशाली सावंत आणि राधा घाडी या दोघी आपापले ब्लाउज न्यायला आल्या. दोघींचं एकाच लग्नासाठी घेतलेलं एकच कापड, एकच अस्तर, एकच गळा. बाहेरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत दुर्गाकाकी आपल्या ब्लाउजची हुकं लागायची वाट बघत बसल्या होत्या. रुमालाच्या गाठीत साठ रुपये तयार.

वैशालीने फोन धरला. गजातली बाई खणखणीत बोलली, “दोनशे ऐंशी रुपये मिळाले.”

“अय्या, किती गोड बोलते!” वैशाली म्हणाली आणि जिन्याकडे वळली.

राधाने फोन धरला. “दोनशे दहा रुपये मिळाले.”

वैशालीचं पाऊल पहिल्या पायरीवर होतं. ते तसंच खाली आलं.

“बकुळाताई, माझ्या ब्लाउजला सोन्याची हुकं लावलीस का गं?”

“तसं नाही गं…”

“मग सत्तर रुपये कसले?”

वरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारे हात थांबले. बकुळाचे पाय मशीनखाली रिकामेच धावत होते. खोटं बोलायचं तर झटकन बोलायला हवं होतं, आणि नेमका तेवढा एक क्षण तिने घालवला. मग ती चिडली, आणि चिडली की बकुळा खरं बोलते.

“तीनदा परत येतेस त्याचे! पाठ फुगली, काख ओढतेय, गळा एक सूत खाली. तुझा एक ब्लाउज मी तीनदा शिवते, वैशाली. राधा नेते आणि मुकाट घालते.”

“मुकाट नाही हां,” राधा म्हणाली, “घरी मीच टाके मारते.”

वरून कोणीतरी फस्सकन हसलं. “ए बकुळा, माझे दोनशे तीस कसले गं?” असा आवाज आला. “हळदीकुंकवाचे असतील, तू विसरलीस ना बोलवायला!” दुसरीने परस्पर सांगून टाकलं, आणि ते बरोबर निघाल्यामुळे हशा झाला. वैशालीही तणतणत का होईना, ‘पुढच्या वेळी एकदाच येईन, दोनशे दहाच देईन’ असं बजावून वर गेली. लालबागमध्ये भांडण झालं म्हणजे नातं टिकलं. बकुळाला तिची काळजी नव्हती.

तिने खुर्चीकडे बघितलं. दुर्गाकाकी उभ्या राहिल्या होत्या. रुमालाची गाठ त्यांनी सोडली, साठ रुपये नेहमीसारखे मशीनच्या फळीवर ठेवले, ब्लाउज काखेत घेतला आणि जिना चढून गेल्या.

त्यानंतर घरात कुणाला थारा राहिला नाही. बकुळाने एका ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. गजातली बाई मधूनच कुणाचे तरी एकशे ऐंशी पुकारायची, की बकुळा दचकायची. आवाज वाढवायचं बटण रमाकांतला सापडलं होतं, कमी करायचं सापडेना. त्याने डबा आधी उशीखाली, मग पिठाच्या डब्यामागे, आणि शेवटी कुकरमध्ये झाकण लावून ठेवला. तिथूनही “दोनशे चाळीस रुपये मिळाले” असं विहिरीतून आल्यासारखं ऐकू आलं. “गप गो बाय माझे,” तो कुकरला हात जोडून म्हणाला. प्रितीने संध्याकाळी येऊन बाजूचं बटण दाबलं, आवाज बारीक केला आणि आपल्या बापाकडे असं बघितलं की तो उठून पाणी भरायला गेला.

“काकींना काय वाटलं असेल?” बकुळा म्हणाली.

“जाऊन विचार.”

“काय विचारू? मी तुमच्यावर दया करते हे आज कळलं का, असं?”

दुसऱ्या दिवशी तिने काळ्या वाटाण्याची आमटी वाटीत घालून वर पाठवली. वाटी परत आली. तिच्यात भाजी नव्हती, लाडू नव्हता, शिरा नव्हता. साखर होती. साखर घालून वाटी परक्याला देतात. बकुळाने ती साखर बघितली आणि कात्री कुठे ठेवली तेच तिला आठवेना. जिन्यावर काकींची पावलं वाजली की ती मशीन थांबवायची, आणि पावलं दारावरून पुढे गेली की उगाचच रिकामं मशीन पळवायची. काकी कोपऱ्यावरच्या टेलरच्या दुकानात कापड टाकतील, ही तिची भीती नव्हती. त्या कुठेच टाकणार नाहीत, आहेत ते ब्लाउज विरेपर्यंत घालतील आणि या दारात पुन्हा बसणार नाहीत, ही भीती होती.

आठवडाभराने काकी आल्या. हातात नवं कापड होतं. त्यांनी आधी पैसे ठेवले, शंभराच्या दोन आणि दहाची एक, आणि मग बसल्या.

“काकी, एवढे नाही हो…”

“घे. राधाकडून घेतेस तेवढे आहेत.”

“तुम्ही जुनं गिऱ्हाईक…”

“बकुळे, गप. मी काय तान्ही आहे? शिलाई साठ नसते हे मला तुझ्याआधी कळलं होतं. कोपऱ्यावरच्या दुकानात भावाची पाटी आहे, मला वाचता येतं.”

बकुळाचा पाय थांबला. “मग इतकी वर्षं…”

“तू देत होतीस, मी घेत होते. तुला वाटायचं मला माहीत नाही, तर म्हटलं वाटू दे, बिचारी खुशीत आहे.” काकींनी पदर सारखा केला. “आता सगळ्या चाळीला कळलं. आता नाही घेता यायचे. वर्षाला दोन शिवायचे, आता एकच शिवीन. पण एक सांगते. साठ रुपयांत तोंड उघडायची सोय नव्हती. आता पुरे पैसे दिलेत, आता बोलणार.”

“बोला ना.”

“तुझ्या बाह्या घट्ट असतात. पहिल्यापासून. हात वर केला की दंडाला रुततात, पोळ्या लाटताना जीव नको होतो. गळा मागून नेहमी डावीकडे ओढतो. हुकं उलट्या बाजूला लावतेस, म्हातारीला आरशात दिसत नाहीत. आणि तो जांभळा, मागच्या दिवाळीचा, तो मी एकदाही घातला नाही. त्यात श्वास घेता येत नाही.”

“मग सांगायचं नाही का, काकी!”

“साठ रुपयांत?”

गेली कित्येक वर्षं बकुळाने काकींचं मापच घेतलं नव्हतं. जुन्या ब्लाउजवर नवा कापायचा, जुना घट्ट तर नवाही घट्ट. दया करण्याच्या भरात दंड बघायचा राहून गेला होता.

तिने दोनशे दहा उचलले आणि गल्ल्यात टाकले. गळ्यात टेप घेतली. “उभ्या राहा.”

“हळू. गुदगुल्या होतात.”

“हात वर करा. अजून वर. आणि तो जांभळा घेऊन या, उसवून देते.”

“त्याचे किती घेशील?”

“उसवायचे वीस.”

“पंधरा,” दुर्गाकाकी म्हणाल्या.

“वीस. सगळ्यांना वीसच आहेत.”

“चोर आहेस,” काकी समाधानाने म्हणाल्या, आणि दुसरा हातही वर केला.